आबासाहेबांची चोरीला गेलेली धमकी

"लिही, करुणा. 'शंभूराज. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातला एकमेव खासगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी...' बुद्धी कुणाची लिहावी?"

"उसनी," मी म्हणाले.

"'बुद्धी स्वतःची,'" असं म्हणून त्यांनी पाटी रंगवायला पाठवली.

मी वकील आहे. सनद आहे, अशील नाहीत. आमच्या वस्तीतली पोरगी काळा कोट घालून इंदापूरच्या कोर्टात उभी राहिली की भल्याभल्यांना मळमळतं. म्हणून मी जळोचीत शंभूराजांची सहायक. कचेरी पिठाच्या गिरणीच्या माडीवर. जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर पीठ बसतं आणि साहेब प्रत्येकाला सांगतात, "तुम्ही नुकतेच गिरणीजवळून आलात!" माणसं थक्क होतात. ह्या देशात पुढारी असेच मोठे होतात.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, आबासाहेब खांद्यावर पीठ घेऊन वर आले. हायवेकडेच्या एका गावचे पुढारी. जीप खाली उभी.

"चोरी झालीया," ते म्हणाले. "कॅसेट गेली."

"गाण्यांची?"

"जोतीरामाची."

मग सगळं बाहेर आलं. गावच्या सरपंच म्हाळसाबाई. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आल्या आणि खुर्चीवर नवऱ्याला न बसवता स्वतः बसल्या, हा त्यांचा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा, गावचं गायरान आबासाहेबांच्या पेट्रोल पंपाला द्यायला त्या नाही म्हणाल्या. त्यांच्या भावकीची मेंढरं तिथंच चरतात. सोमवारी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव होता. आबासाहेबांना एक मत कमी पडत होतं, मेंबर जोतीरामचं. हा जोतीराम ढाब्यावर बसून आपल्या होणाऱ्या व्याह्याला मनसोक्त शिव्या देत असताना आबासाहेबांनी टेबलाखाली टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. मत न दिल्यास कॅसेट व्याह्याच्या घरी, आणि पोरीचं लग्न मोडलं.

"ह्याला ब्लॅकमेल म्हणतात," मी म्हणाले. "धमकी चोरीला गेल्याची फिर्याद कोणतंही पोलीस ठाणं घेत नाही."

"बाई, आमी त्याला समजूत काढनं म्हन्तो."

आबासाहेबांच्या घरी शंभूराज आधी कपाटाजवळ गेले.

"चोर सराईत आहे. कुलूप न तोडता आत शिरला!"

"कुलूपच न्हाय कपाटाला," आबासाहेब म्हणाले.

"म्हणूनच तोडलं नाही. डोकेबाज आहे." त्यांनी आत नाक खुपसलं. "रसायनाचा वास! चोर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो."

"डांबरगोळ्या हायत त्या."

खिडकीखाली लेंड्या दिसल्या तशी साहेबांची घारीची नजर चमकली. "मेंढरू! म्हाळसाबाईंनी शिकवून तयार केलेलं मेंढरू!"

"आमचीच शेळी हाय वो ती."

"फितूर झाली." मग ते हळूच माझ्याकडे वळले. "कायदा शिकलेली, चिडखोर, आबासाहेबांचा तिटकारा करणारी... करुणा, काल दिवसभर कुठं होतीस?"

"तुमच्यासमोर."

"वा! म्हणजे साक्षीदारसुद्धा आधीच तयार ठेवलास!"

एवढ्यात आबासाहेबांच्या पत्नी गोजरबाई चहा घेऊन आल्या. "काय हुडकताय एवढं?"

"टॉवेल-टोपीचं खोकं," आबासाहेब कुरकुरले. "ह्या कपाटात, खाली होतं. त्यात माझी एक वस्तू होती."

"ते व्हय? अवो, जोतीरामाच्या लेकीच्या साखरपुड्यात आहेर केला न्हवं का! तुमीच दिलंसा त्याच्या हातात. फोटू बी काढून घेतला."

आबासाहेबांचा चहा बशीतच राहिला. आमच्याकडं टॉवेल-टोपीचं खोकं कुणी उघडत नाही. ते वापरायचं नसतं, पुढच्या कार्यात पुढं ढकलायचं असतं. म्हणून तर त्यांनी कॅसेट तिथं लपवली होती. आणि धमकी नारळासकट, हार घालून, ज्याला द्यायची त्यालाच देऊन आले होते.

"माझा हाच तर्क होता," शंभूराज म्हणाले.

आबासाहेबांनी आम्हाला जीप देऊन जोतीरामकडे पिटाळलं. "गुपचूप आना," असं बजावलं. शंभूराजांनी दारातूनच हाक दिली, "जोतीराम, तुमच्याविरुद्धची कॅसेट तुमच्याच घरात आहे, ती देऊन टाका!"

जोतीरामनं सगळं ऐकलं आणि मटकन ओट्यावर बसला. "खोकं तर म्या तिथल्या तिथं व्याह्याला दिलं! मेलो की वो बाई! पोरगी माझी घरी बसली!"

"व्याह्यांनी तरी उघडलं असेल का?" मी म्हणाले. "चला."

नरसिंहपूरला व्याही सिद्धूतात्या अंगणात बसले होते. गळ्यात कोरा करकरीत टॉवेल, डोक्यावर कडक टोपी. आहेराचा टॉवेल वापरणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. शेजारी टेपरेकॉर्डर.

"या पाव्हणं," तात्या जोतीरामला म्हणाले. "ऐकली तुमची कॅसेट. 'व्याही असला चिकट, की गुळाचा खडा चहाला नुसता दाखवतो अन् परत डब्यात ठिवतो.' असंच म्हनलाय न्हवं?"

जोतीराम पाया पडायला वाकला.

"उठा. खोटं काय हाय त्यात? गूळ काय फुकट मिळतो? जिचा बाप मागं तरी खरं बोलतो, ती लेक तोंडावर बोलंल. लगीन ठरल्या दिवशीच हाय." तात्यांनी जरा विचार केला. "फकस्त जेवनावळ तुमच्याकडं."

चहा आला. गूळ खरोखरच नव्हता. कॅसेट मागितली तर तात्या म्हणाले, "देनार न्हाय. तिच्यावर लग्नातली गानी भरतो. नवी कशाला घ्यायची?"

परतल्यावर शंभूराजांनी आबासाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "प्रकरण सुटलं. कॅसेट सापडली!"

"मग आना की!"

"ते निराळं प्रकरण आहे."

सोमवारी तहसीलदारांसमोर जोतीरामनं ठरावाविरुद्ध हात वर केला, तो सगळ्यांची मोजणी झाली तरी खाली घेईना. ठराव पडला. गायरान राहिलं. मग आमच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा सत्कार केला. म्हाळसाबाईंनी स्वतःच्या हातानं आबासाहेबांना नारळ आणि टॉवेल-टोपीचं खोकं दिलं.

आबासाहेबांनी खोकं कानाशी नेऊन हलवलं. आत खडखडलं.

"ह्यात काय हाय?" त्यांचा आवाज चिरकला.

"ढाब्यावर तुमी बी बोलत व्हताच की, आबा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "घरी जाऊन निवांत ऐका. आमी ह्याला समजूत काढनं म्हन्तो."

गायरानाचा विषय आबासाहेबांनी पुन्हा काढला नाही. गोजरबाई सांगतात, ती कॅसेट त्यांनी अजून वाजवलेली नाही.

कोरी आहे. इंदापूरच्या स्टँडवरून मीच आणली होती.