अण्णांचा दोरा

मल्लिनाथ अण्णांच्या घरात सुटी वस्तू सापडायची नाही. चष्म्याला दोरी, छत्रीला दोरी, टीव्हीचा रिमोट टेबलाच्या पायाला बांधलेला. अंघोळीचा तांब्या नळाला जखडलेला, त्यामुळे पाहुणे वाकून वाकून अंघोळ उरकत. कारण विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "सुटल्यालं माघारी येत न्हाय बघा."

अण्णा आमचे शेजारी. जन्म चादरीच्या मागावर गेला, जीव मात्र पतंगात. संक्रांतीला त्यांचा पतंग काटणारा आमच्या गल्लीत कुणी निपजला नाही. दोऱ्याची फिरकी कायम बायकोच्या, महादेवीअक्कांच्या हातात. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

पुढे अक्कांचे गुडघे गेले. गच्ची सुटली, देवळाला जाणंही सुटलं. लग्नांचं शूटिंग करणारा भाचा आपला जुना ड्रोन घेऊन आला, तेव्हा अण्णांनी तो मागूनच घेतला. म्हणाले, "हिला हितं बसून तळं दाखवतो, देऊळ दाखवतो."

भाचा बजावून गेला, "मामा, आधी मोकळ्या माळावर शिका. जवळ माणूस नको. आणि दोरा तर अजिबात बांधू नका."

"पतंग उडवण्यात हयात गेली माझी. तू शिकीव आता मला."

भाच्याची पाठ वळली आणि अण्णांनी ड्रोनच्या पायाला मागावरचं पक्कं सूत बांधलं. अंगणात खुर्ची टाकली, अक्कांना बसवलं, एका हातात फोन दिला, दुसऱ्या हातात फिरकी. आम्ही कुंपणाला टेकून हसत होतो. अण्णांनी ड्रोन छपराच्या वर नेला. फोनमध्ये आमच्या टाक्या दिसल्या, लांब तळं चमकलं. अक्का म्हणाल्या, "अय्या, देऊळ दिसतंय की."

तेवढ्यात सूत एका पंख्यात गुंतलं आणि ड्रोन भेलकांडला. अशा वेळी पतंगवाला करतो तेच अण्णांनी केलं. दोरा ओढला. ड्रोन दोऱ्यावरून सरळ फिरकीकडे आला, बाकीचे पंखे फिरतच होते. अक्कांनी तोंडावर उजवा हात धरला.

डोळे वाचले. दोन बोटांच्या शिरा तुटल्या, ती बोटं पुन्हा वळली नाहीत. ज्या हाताची पापडासारखी कडक भाकरी आमच्या घरीही यायची, तो हात गेला. मला आजही त्या हसण्याची लाज वाटते.

परवा त्यांच्याकडे गेलो. हात धुताना तांब्या मोकळाच हातात आला. रिमोटही सुटा पडलेला. अण्णा चुलीपुढे भाकरी थापत होते, एकीकडे जाड, एकीकडे भोक. शेजारी ठेंगण्या खुर्चीवर अक्का.

माझ्याकडे न बघताच अण्णा म्हणाले, "जाऊ द्यायचं व्हतं वो. कुटं बी पडलं असतं माळावर. म्या ओढलं."

अक्कांनी डाव्या हातानं त्यांच्या मनगटावरचं पीठ झटकलं.

"तुमी ओढलं खरं," त्या म्हणाल्या, "पर फिरकी मी तरी कुटं सोडली?"