राजाच्या आधीचा आवाज

यंत्र घरात आलं त्या दिवशी सगळे आपोआप हळू बोलू लागले. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर काळ्या धातूचा तो जड ठोकळा बसला, त्याच्यावरचा एवढासा पडदा निळसर उजळला, आणि महाराजांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

महाराज म्हणजे खरे राजे नव्हेत. त्यांची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेली. पण हौशी नाटकमंडळीत त्यांनी तीस वर्षं एकाच नाटकातला राजा केला. ते नाव त्यांना तिथे चिकटलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही. मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान खाली, घर वर. यंत्र त्यानंच आणलं होतं.

"हा करतो काय?" महाराजांनी विचारलं.

"हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, बाबा. गाणी आकड्यांत साठवलेली असतात. हा नेटवर्कवरून ते आकडे उचलतो, त्यांचा आवाज करतो आणि तुमच्या कानात सोडतो."

"आकड्यांचा आवाज."

"हो."

"आणि किंमत?"

"ती विचारायची नाही असं ठरलंय ना?"

"तुझं ठरलंय. माझं अजून ठरायचंय," आतून आई म्हणाली. ही महाराजांची बायको. नाटकमंडळीचा कपडेपट तीस वर्षं तिनं सांभाळला होता, म्हणून सगळी मंडळी तिला वहिनी म्हणायची. आपणही तेच म्हणू.

मुलानं वडिलांना एकच गोष्ट बजावून सांगितली. हेडफोनची पिन यंत्रात असेल तर आवाज फक्त कानात. पिन निघाली की तोच आवाज घरातल्या आणि खालच्या दुकानातल्या सगळ्या स्पीकरांतून येतो. दुकानात गिऱ्हाइकांसाठी तो मंद सतारवादन लावून ठेवायचा. "म्हणून पिन ओढायची नाही," असं तो दोनदा म्हणाला. महाराजांनी दोन्ही वेळा मान हलवली, आणि दोन्ही वेळा त्यांचं लक्ष त्या निळ्या उजेडाकडे होतं.

आता खरी अडचण. मंडळीला पन्नास वर्षं झाली होती आणि रविवारी मोठा समारंभ होता. त्यात महाराजांनी तिसऱ्या अंकातलं राजाचं लांबलचक भाषण म्हणायचं होतं. पत्रिकेत त्यांच्या नावाखाली जाड अक्षरांत छापलं होतं, 'तीस वर्षांत एकदाही प्रॉम्प्टिंग न घेतलेले नट'. ते खरंच होतं. मंडळीतला प्रॉम्प्टर विंगेतल्या खुर्चीवर वही घेऊन बसायचा, पण राजाला शब्द सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. महाराज या एका गोष्टीच्या जिवावर ताठ चालत. आणि गेल्या आठवड्यात आंघोळ करताना त्यांच्या ध्यानात आलं होतं की भाषणाची पहिली चार वाक्यं येतात, पाचवं येत नाही.

संहितेची वही वाळवीनं खाल्ली होती. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की कळलं. उरली होती एक जुनी टेप, शेवटच्या प्रयोगाची. ती पूर्वी लावली की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येई आणि त्यात कुठेतरी लांब राजा ओरडे. मुलानं ती मध्यंतरी आकड्यांत उतरवून घेतली होती.

"जरा जुना आवाज ऐकावा म्हणतो," गुरुवारी जेवणं झाल्यावर महाराज सहज म्हणाल्यासारखं म्हणाले.

मुलानं हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला, यंत्र लावून दिलं आणि तो खाली दुकानात गेला.

आधी शांतता आली. महाराजांना वाटलं, यंत्र बंदच आहे. मग त्या शांततेत कुणीतरी खोकलं आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. ती चारशे माणसांची शांतता होती, आणि ती चारशे माणसं खोलीत येऊन बसली होती. पडद्याच्या कड्या डावीकडून निघून कपाळावरून उजवीकडे सरकल्या. तिसऱ्या रांगेत कुणीतरी गोळीचा कागद उलगडला. रंगमंचाची एक फळी करकरली. तीच फळी, तिच्यावर पाय द्यायचा नाही असं ते दर प्रयोगाला ठरवत आणि दर प्रयोगाला देत. मग एका माणसानं श्वास घेतला. त्या श्वासात पुठ्ठ्याचा मुकुट जरासा हलला, तेही कळलं. तो माणूस आपणच, हे समजायला महाराजांना वेळ लागला. आपला श्वास एवढा तरुण होता हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ज्यानं हे यंत्र केलं त्याला एकदा भेटून त्याचे हात बघावेत असं त्यांना वाटलं.

राजा बोलू लागला. पण राजाच्या आधी कुणीतरी बोललं.

अगदी हलकं, वाळूवर पाऊल पडावं तसं. "विझवा त्या मशाली." मग राजा गरजला, "विझवा त्या मशाली." पुन्हा ते पाऊल, "या डोळ्यांना आता बघण्यासारखं काही उरलं नाही." पुन्हा राजा. वाक्यामागून वाक्य. आधी कुजबुज, मागून राजा. चारशे माणसांपैकी एकालाही ते ऐकू गेलं नसेल. त्या यंत्रानं मात्र दाण्यातून खडा वेचावा तसं ते वेचून समोर ठेवलं होतं.

महाराज भाषण पाठ करायचं विसरले. त्यांनी प्रॉम्प्टरला फोन लावला. तो तीन घरं सोडून राहायचा.

"ताबडतोब ये."

"चहाला अजून अवकाश आहे की."

"चहा नाही मिळायचा. ये."

प्रॉम्प्टर आला तेव्हा महाराज हेडफोन घालूनच खोलीत उभे होते. कान बंद असल्यामुळे आपण केवढ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं.

"हळू बोल, खाली गिऱ्हाईक आहे," ते असे कडाडले की खिडकीतलं कबूतर उडालं. "तीस वर्षं मला फसवलंस तू."

"मी काय केलं?"

"मला वाक्यं सांगितलीस. एकूण एक. मी शपथ घातली होती तुला."

"आणि मी ती पाळली," प्रॉम्प्टर दुखावला. "उलट तुझ्या प्रयोगाला मी वही उघडतसुद्धा नव्हतो. सेनापतीला सांगितलीत, राणीला सांगितलीत. तुला एक अक्षर नाही."

"मग ऐक."

प्रॉम्प्टरनं हेडफोन चढवला. पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्याचा राग उतरला आणि तोंड उघडं पडलं. त्यानं हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपलं. "अरे, पडदा इथे आहे," तो म्हणाला. "इथे, माझ्या हाताला लागेल." मग तो खाली बसला. मग त्याची मान तिरकी झाली.

"कुजबुज आहे खरी. पण तिच्या मागे आणखी एक आवाज आहे. खर्र करून. थांबतो, पुन्हा येतो."

"करवत असेल."

"करवत कशाला? कुणीतरी घोरतंय." तो आणखी थोडं ऐकत राहिला. मग त्यानं हळूच वर पाहिलं. "मी घोरतोय."

"तू?"

"तुझं भाषण लांब. मला काम नाही. खुर्ची हातांची. डोळा लागायचा." तो लाजला, पण लगेच त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे सांगणारा मी नव्हे. एकाच वेळी घोरणं आणि सांगणं मला जमायचं नाही."

"मग कोण?"

दोघांनाही भाषण पुन्हा पहिल्यापासून, एकाच वेळी ऐकायचं होतं. हेडफोन एक, डोकी दोन. प्रॉम्प्टरनं एक बाजू आपल्या डाव्या कानाला धरली, महाराजांनी दुसरी उजव्या कानाला, आणि गालाला गाल लावून दोघं टेबलाकडे वाकले. महाराजांना नीट ऐकू येईना म्हणून त्यांनी आपल्याकडे ओढलं. प्रॉम्प्टरनं त्याच्याकडे ओढलं. पिन निघाली.

खाली दुकानात त्या वेळी मंडळीचे चिटणीस डोळे तपासून घेत होते. रविवारी व्यासपीठावर भाषण वाचायचं होतं आणि जुन्या चष्म्यातून अक्षरं नाचत होती. नाकावर भिंगं बदलायची जड चौकट, एक डोळा झाकलेला. मुलानं एक भिंग घातलं आणि विचारलं, "आता कसं दिसतंय?"

"या डोळ्यांना आता बघण्यासारखं काही उरलं नाही," छत, भिंत आणि काचेचं कपाट एकदम म्हणालं.

चिटणीस खुर्चीसकट मागे सरकले. मुलानं भिंगाची पेटी खाली ठेवली आणि जिन्याकडे धाव घेतली. चिटणिसांना तो आवाज ओळखीचा वाटला. त्याच्या आधी येणारी कुजबुजही त्यांनी ऐकली होती. ते चौकट नाकावर ठेवूनच, एका डोळ्यानं पायऱ्या मोजत वर आले.

"पत्रिका छापून वाटून झाल्यात, महाराज," ते दारातूनच म्हणाले. "जाड अक्षरांत."

घरभर राजा गरजत होता, आणि दर वाक्याच्या आधी ती कुजबुज त्याच्यापुढे सतरंजी अंथरत होती. मुलानं पिन आत खुपसली. सगळं गप्प झालं.

तेवढ्यात मटारची परात घेऊन वहिनी दारात आल्या.

"बंद का केलं?" त्या म्हणाल्या. "आतापर्यंत बरं चाललं होतं. त्या दिवशी सर्दी होती मला, म्हणून आवाज घोगरा आलाय."

चौघांच्याही माना दाराकडे वळल्या.

"तू?" महाराज म्हणाले.

"मी काही सांगत नव्हते हो तुम्हाला. विंगेत झग्याची किनार शिवत बसायचे. हात चालला की तोंड चालतं."

"पण पाठ कसं तुझं?"

"घ्या. तीन महिने स्वयंपाकघरात येऊन कुणाला म्हणून दाखवत होतात? भांड्यांना? माझं आधी पाठ झालं, मग तुमचं."

महाराज खुर्चीत बसले. तीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की वाक्य वर येण्याआधी मनात जे हलतं, ती आपली बुद्धी. ती बुद्धी समोर मटार सोलत उभी होती.

चिटणिसांनी मात्र कायद्याकडे पाहिलं. ते निवृत्त कारकून होते. "प्रॉम्प्टिंग म्हणजे प्रॉम्प्टरच्या खुर्चीवरून दिलेला शब्द," ते म्हणाले. "त्या खुर्चीवरून काही गेलं?"

"घोरण्याशिवाय काही नाही," प्रॉम्प्टर छाती काढून म्हणाला.

"मग पत्रिका बरोबर आहे. कपडेपटातून काय गेलं याची नोंद ठेवायची पद्धत नाही. महाराज, तुम्ही निश्चिंत भाषण म्हणा."

"येत नाही मला," महाराज म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की एरवी कुणाला ऐकूच गेलं नसतं. "चार वाक्यं येतात. पुढे कोरं."

वहिनींनी परात टेबलावर, यंत्राशेजारी ठेवली. मुलानं ती उचलून बाजूला केली. तोवर आई भाषण म्हणू लागली होती. हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. मशाली, हरलेली लढाई, मेलेला घोडा, रिकामी छावणी, सगळं सांगून तिनं शेवटचं वाक्य संपवलं. मुलगा त्या काळ्या ठोकळ्याकडे बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला तो जरा साधा वाटला. प्रॉम्प्टरनं डोळे पुसले. चिटणिसांच्या झाकलेल्या डोळ्यातूनही पाणी आलं आणि चौकटीत साठलं.

"रविवारी तू विंगेत बस," महाराज म्हणाले.

"मुळीच नाही," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं मी हे नाटक बाजूनं बघितलंय. राजाचा एक कान तेवढा मला माहीत आहे. या खेपेला मी पहिल्या रांगेत मधोमध बसणार, आणि समोरून बघणार. सांगायला हे प्रॉम्प्टर आहेत की. मी लिहून देते यांना."

त्यांनी सगळं भाषण कागदावर लिहून दिलं. महाराजांनी दोन दिवस ते घोकलं. प्रॉम्प्टर म्हणाला, रात्री पोटभर झोपून येतो, आणि त्यानं तसं केलं.

रविवारी सभागृह भरलं. महाराज उभे राहिले. मशाली विझल्या, डोळ्यांचं झालं, तिसरं वाक्य झालं, चौथं झालं, आणि पुढे कोरं आलं. त्यांनी विंगेकडे कान दिला. विंगेत प्रॉम्प्टर कागद मांडीवर ठेवून, टक्क जागा, तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होता. रंगमंचावरचं ते भाषण जागेपणी तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता आणि रंगून जाऊन, राजा पुढे काय म्हणतो म्हणून तोच थांबला होता.

महाराजांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत मधोमध वहिनींचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. राजानं त्यांच्यावर नजर लावली आणि पाचवं वाक्य बोलला. मग सहावं. शेवटपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. लोकांना वाटलं, राजा आपल्यालाच सांगतोय. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी सगळे उभे राहिले, आणि चिटणिसांनी जाहीर केलं की आपण स्वतः विंगेशेजारी उभे होतो, खुर्चीवरून एक अक्षरही गेलं नाही.

समारंभानंतर दोघं चालत घरी निघाले. वाटेत महाराजांनी विचारलं, "काय गं, समोरून कसा दिसतो राजा?"

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष पुढच्या वाक्याकडे होतं."