सगुणाबाईंचं क-वर्ग अंडं

एका जंगलात, बाळांनो, अंड्यांबाबत एक जुनी पद्धत होती. अंडं घालायचं. मग त्यावर बसायचं. पिल्लू झालं तर आनंद करायचा, नाही झालं तर रडायचं आणि पुढच्या हंगामाची वाट बघायची. ही पद्धत किती मागासलेली आहे, हे वारुळात केंद्र उघडल्यावर जंगलाला कळलं.

केंद्र घोरपडबाईंचं होतं. 'अंडी-गुणवत्ता तपासणी व मातृत्व-यश केंद्र', अशी पाटी होती. अंड्यांचा घोरपडबाईंइतका अभ्यास जंगलात कोणाचाच नव्हता. लहानपणापासून त्यांनी शेकडो अंडी पाहिली होती. बाहेरून आणि आतूनही. कशी पाहिली, असं कोणी विचारलं नाही. ज्याला पिल्लू हवं असतं, तो फार प्रश्न विचारत नाही.

त्याच जंगलात दौलतराव नावाचा धनेश पक्षी आणि त्याची बायको सगुणाबाई राहत होती. लग्नाला सहा पावसाळे झाले होते. गेल्या वर्षीचं अंडं थंडच राहिलं. त्याआधीच्या वर्षी अंडंच झालं नव्हतं. सगुणाबाई दिवसभर हसूनखेळून असायची आणि शेजारच्या झाडावर पिल्लं ओरडायला लागली की पाठ फिरवून बसायची.

"एकदा दाखवून तर येऊ," दौलतराव म्हणाला.

घोरपडबाईंनी सगुणाबाईच्या रक्ताचा थेंब घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"तुमचा मार्कर, म्हणजे अंड्यांचा आकडा, एक पूर्णांक एक दशांश आहे."

"किती असायला हवा, मॅडम?" सगुणाबाईने विचारलं.

"जास्त. वय काय?"

"अकरा पावसाळे."

घोरपडबाईंनी चक् चक् केलं. दौलतराव घाईघाईने म्हणाला, "माझे तेरा झाले. माझंही रक्त घ्या ना."

"तुमचं कशाला?" घोरपडबाई हसल्या. "तुम्ही फक्त रिपोर्ट न्यायला या."

पुढे हंगाम आला. तुम्हाला ठाऊक असेलच, धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोचीपुरती एक फट ठेवते. आत तिची पिसंही गळून जातात, म्हणजे उडता येत नाही. नर बाहेरून उंबरं आणून फटीतून भरवतो. सगुणाबाई अशीच एका बेहड्याच्या ढोलीत गेली आणि तिने एक अंडं घातलं. पांढरंशुभ्र.

आता रोज तिच्या रक्ताचा थेंब पानावर घेऊन दौलतरावाला केंद्रात जावं लागे. केंद्रात भली मोठी रांग असे. लांडोर, टिटवी, रानकोंबडी. पुढे तितरबाई उभ्या असत. त्यांची सहाही अंडी क-वर्गात, म्हणजे टाकाऊ, निघाली होती आणि त्यांनी ती केंद्रात जमा केली होती.

"पण त्यांचं पुढे काय होतं हो?" दौलतरावाने विचारलं.

"अभ्यास," तितरबाई हळूच म्हणाल्या आणि खाली बघत राहिल्या.

नंबर लागेपर्यंत दिवस मावळायचा. दौलतराव रिपोर्ट चोचीत धरून बेहड्यावर यायचा. मार्कर नऊ दशांश. मग सात दशांश. मग सहा.

"अगं, घसरतोय तो," दौलतराव रडकुंडीला येऊन म्हणाला. "मॅडम म्हणतात, ताण घेऊ नका."

"अहो, खायला काय आणलंत?"

दौलतरावाने फक्त रिपोर्ट आणला होता. रांगेतून उंबराच्या झाडाकडे जायला वेळच झाला नव्हता. काल नाही, परवाही नाही.

दुसऱ्या दिवशी घोरपडबाई स्वतः बेहड्यावर चढून आल्या. बऱ्याच धापा टाकत आल्या, कारण केंद्र उघडल्यापासून त्यांचं वजन वाढलं होतं.

"अंडं क-वर्ग आहे," त्यांनी सांगितलं. "ते उबवण्यात अर्थ नाही. भिंत फोडा आणि जमा करा. पुढच्या हंगामात नवं बघू."

"मॅडम, माझी पिसं गळली आहेत," सगुणाबाई आतून म्हणाली. "भिंत फोडली तर मी जाऊ कुठे? आणि या अंड्यात काहीतरी हलतं हो. पोटाला लागतं माझ्या."

"तसं प्रत्येक आईला वाटतं. वाटण्याला मार्कर म्हणत नाहीत."

"सगुणा, त्या शिकलेल्या आहेत," दौलतराव अजिजीने म्हणाला. "आपण दोनदा रडलो. तिसऱ्यांदा नको."

सगुणाबाई आतून म्हणाली, "रडायचंच असेल तर मी याच्यावर बसून रडेन. तुम्ही उंबरं आणा."

"निदान बाहेरून तरी तपासू द्या," असं म्हणत घोरपडबाईंनी आपली लांब जीभ फटीतून आत घातली.

धनेशाची चोच म्हणजे काही चिमणीची चोच नव्हे. घोरपडबाई बेहड्यावरून थेट खालच्या करवंदीच्या जाळीत पडल्या.

"अगं, मॅडमना लागलं!" दौलतराव ओरडला. त्याला फार लाज वाटली. पण लाज वाटत असतानाही तो उडाला तो उंबराकडेच. त्या दिवशी त्याने अकरा खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा. रांगेत उभं राहायचं नसल्यामुळे दिवस केवढा मोठा असतो, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानंतर अठराव्या दिवशी सकाळी फटीतून एक अगदी बारीक, चिडका आवाज आला. दौलतरावाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं.

"अहो, असे बघत काय बसलात?" सगुणाबाई म्हणाली. "आता दोघांपुरतं आणायचं."

बातमी संध्याकाळपर्यंत वारुळावर पोचली. घोरपडबाईंच्या जिभेला पट्टी होती, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर नवी पाटी लागली: 'मार्कर अवघा सहा दशांश! वय अकरा पावसाळे! तरीही मातृत्व! आमच्या केंद्राचं आणखी एक यश.'

रांग दुप्पट झाली. रांगेत सर्वांत पुढे तितरबाई होत्या.

तात्पर्य: पिल्लू झालं, तर ते केंद्राचं यश असतं. नाही झालं, तर ते आईचं वय असतं.