ओटीचं खोबरं

रूपालीला सातवा महिना लागल्याचं गल्लीत कळलं आणि तानूबाईंची बॅग त्यांची स्वतःची राहिली नाही. लेक नवऱ्याच्या नोकरीपायी भुवनेश्वरला. रेल्वेनं जायचं तर दोन दिवस मोडतात, म्हणून जावयानं विमानाची तिकिटं पाठवली होती. कोल्हापूर ते हैदराबाद आणि तिथून पुढं भुवनेश्वर. ओटीभरणाला आईबाप दोघांनीच जावं, हे गल्लीला पटलेलं नव्हतं. पण सगळी गल्ली विमानात मावत नाही, म्हणून घरटी एक ओटी पाठवायची ठरलं. तांदूळ, खण, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. वाटीशिवाय ओटी आमच्याकडं कुणी ओटी म्हणून धरत नाही.

"माझी वाटी वर ठेव," शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या. "समोरच्या आक्काची खाली गेली तरी चालतंय."

तानूबाईंच्या नवऱ्यानं, केरबांनी, बॅग उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. "लेकीकडं चाललोय का किराणा दुकान टाकायला?"

जावयासाठी घेतलेली गुळाची ढेप तानूबाईंनी खांद्यावरच्या पिशवीत सारली आणि बॅगेवर बसून चेन लावली.

विमानतळावर काउंटरला तेजस्वी नावाची पोरगी होती. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "बॅगेत लायटर, पॉवर बँक, सुकं खोबरं काही आहे का?"

केरबा 'नाही' म्हणायला तोंड उघडतायत, तोवर तानूबाई अभिमानानं म्हणाल्या, "खोबरं हाय की. बॅगभर हाय."

पोरीला ती थट्टा वाटली. बॅग उघडल्यावर मात्र तिची शुद्ध भाषा संपली. "मावशी, हे विमानात चालत न्हाय. त्यात तेल असतंय, पेट घेतंय."

"आमच्या डब्यात वर्षभर असतंय," केरबा म्हणाले. "डबा कधी पेटला न्हाय."

"नियम हाय, काका. हितंच ठेवावं लागंल."

तिनं कोपऱ्यातला डबा दाखवला. त्यात लोकांनी टाकलेले लायटर आणि काड्यापेट्या होत्या. तानूबाईंनी डब्याकडं बघितलं, मग पोरीकडं. "लेकीची ओटी कचऱ्यात टाकू?"

तेजस्वी जयसिंगपूरची होती. तिला ओटी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आवं, तुम्ही जावा," तानूबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि उघड्या बॅगेशेजारी खाली बसल्या. "मी ही ओटी टाकून लेकीपुढं उभी ऱ्हाणार न्हाय." मागं रांग तटली. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघून घसा साफ केला.

केरबांचं डोकं अशा वेळी चालतं. एरवी त्यांना कुणी विचारत नाही. ते काउंटरवर वाकले. "पोरी, पोटातनं न्हेलं तर चालतंय?"

"कुणाच्या?"

"आमच्या. ह्या सगळ्या पावण्यांच्या."

तेजस्वीनं नीट विचार केला. "पोटाला नियम न्हाय, काका."

मग काय विचारता. केरबांनी रांगेच्या लोखंडी खांबावर वाट्या फोडल्या, तानूबाईंनी गुळाची ढेप काढली. हातावर ठेवलेलं ओटीचं खोबरं कोल्हापुरात कुणी परत करत नाही.

"मला शुगर हाय," टायवाले म्हणाले.

"मग गूळ नगो. नुसतं खोबरं खावा," तानूबाई म्हणाल्या. गृहस्थांनी खाल्लं आणि थोड्या वेळानं पुन्हा हात पुढं केला. तपासणी होऊन सगळे आत बसल्यावर विमानात बसायची घोषणाही तेजस्वीनंच केली, तोंडात घास ठेवून. ती कुणालाही समजली नाही, पण सगळे उठले.

विमान उडाल्यावर तानूबाई रिकाम्या पदराकडं बघत बसल्या. "खोबऱ्याबिगर कसली ओटी? पोरीला काय तोंड दाखवू?" केरबांनी आपली खिडकीची जागा त्यांना दिली. त्या जागेसाठी ते महिनाभर लहान पोरासारखे हरखले होते.

भुवनेश्वरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाची झाडं होती. केरबांनी दाखवायला बोट वर केलं आणि बायकोचं तोंड बघून त्याच बोटानं कान खाजवला.

ओटी भरताना रूपालीनं विचारलंच, "आई, खोबरं?"

तानूबाईंनी खालमानेनं सगळं सांगितलं.

"खाल्लं कुणी म्हणालीस?"

"सगळ्या विमानानं. एका टायवाल्यानं तर दोनदा."

रूपाली पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. "म्हणजे गल्लीनं भरायची ओटी अख्ख्या विमानानं भरली की गं." तानूबाईंना एकदम हलकं वाटलं. त्यांनी लेकीच्या तोंडावरनं हात फिरवला आणि आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

ही गोष्ट रूपालीच्या ओडिया शेजारणींपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ओटीची रीत त्यांना फारच आवडली. निघायच्या दिवशी सगळ्या जणी नटूनथटून आल्या आणि त्यांनी तानूबाईंची ओटी भरली. प्रत्येकीच्या हातात खोबऱ्याची वाटी होती, आणि इथल्या वाट्या कोल्हापूरच्यापेक्षा मोठ्या होत्या.

केरबांनी बॅगेकडं बघितलं आणि मटकन खाली बसले.

तानूबाईंनी शांतपणे चेन लावली. "रूपाली," त्या म्हणाल्या, "हितं गूळ कुठं चांगला मिळतोय गं?"