सलूनवाल्या काकांचा खांदा

सलूनवाल्या काकांचा उजवा खांदा दुखायला लागला, तेव्हा गिऱ्हाइकांना हुरूप आला. इतकी वर्षं त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलेल्यांना अखेर काकांना चार शब्द सुनवायची संधी मिळाली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून "काही सापडत नाही" म्हणत हात टेकले. गिऱ्हाइकांनी मात्र टेकले नाहीत.

"ड जीवनसत्त्व कमी असणार," पोस्टमन म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी देऊन गेला. कॅशियरने मॅग्नेशियम आणलं. निवृत्त मुख्याध्यापकांनी तर माशाच्या तेलाची बाटलीच पुढ्यात ठेवली.

"रोज दोन चमचे. तोंड वाकडं करायचं नाही."

काकांना भरून आलं. लोकांचा जीव होता त्यांच्यावर, आणि दुकानावरही. दोन महिन्यांपूर्वी काकूंनी खुर्चीसाठी वीतभर जाड गादी शिवली होती. तेव्हापासून बसलेला माणूस उठायलाच तयार नसे. काकांनी सगळ्या बाटल्या आरशाखालच्या फळीवर, केसांच्या तेलाशेजारी मांडल्या आणि इमानेइतबारे सगळं घेतलं. खांदा ढिम्म. हात गेला तर दुकान गेलं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

शनिवारी मुख्याध्यापक डोक्याला मालिश करून घ्यायला आले. काकांना त्या दिवशी सर्दी होती. गप्पांच्या भरात त्यांनी हात लांबवून बाटली उचलली आणि ओतली.

"आज वास वेगळाच येतोय," सर डोळे मिटून म्हणाले.

"असेल, सर. नाक बंद आहे माझं."

मालिश करून सर घरी निघाले आणि दहा मिनिटांत परत आले. मागे तीन मांजरं होती.

"काका, आधी डोकं धुवा!"

सर खुर्चीत बसले, तेल गादीवर ओघळलं आणि मांजरं गादीवर चढली. गलका ऐकून मागच्या खोलीतून काकू धावत आल्या. त्यांनी सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या. "आता यातलं काही पोटातही नाही आणि डोक्यालाही नाही!" असं बजावून त्या गादी धुवायला घेऊन गेल्या.

जाड गादी वाळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काकांचा खांदा चक्क बरा झाला.

"बघा!" सर दाढी करून घेताना म्हणाले. "माशाचं तेल!"

"पण सर, ते तर तुमच्या डोक्याला लागलं."

गोळ्या बंद, तेल बंद, मग गुण आला कशाचा? वस्तरा हातात धरून काकांनी आरशात पाहिलं. सरांचं डोकं नेहमीपेक्षा वीतभर खाली होतं.

इतक्यात काकू गादी घेऊन आल्या. "घ्या. नवा अभ्रा घातलाय."

त्यांचा फुललेला चेहरा पाहून काकांना काही बोलवेना. गादी खुर्चीवर गेली. काकांनी गुपचूप सुताराला बोलावून खुर्चीभोवती स्वतःला उभं राहायला वीतभर उंच फळ्या ठोकून घेतल्या.

"कशाने बरं वाटलं?" जो तो विचारी.

"तुमच्यामुळेच," काका प्रत्येकाला सांगत, आणि अगदी मनापासून. त्या बाटल्या नसत्या, तर गादी धुवायला गेलीच नसती.

काकूंनी मात्र त्या फळ्या पाहिल्या आणि त्यांचा जीव तुटला. दुसऱ्या दिवशी फळ्यांवर नवीकोरी गादी अंथरलेली होती, वीतभर जाड.

"दिवसभर कडक लाकडावर उभं राहायचं म्हणजे काय!" काकू म्हणाल्या. "तुमच्या पायांची काळजी मी नाही करायची तर कोणी?"

काकांचे डोळे पाणावले. असं माणूस मिळायला नशीब लागतं. खांदा तर आता ठणठणीत आहे. वाकून वाकून हल्ली कंबर धरते, पण ते त्यांनी दुकानात कुणालाही सांगितलेलं नाही.