घ्या की मामा, वजीर

सासऱ्यांना बुद्धिबळात हरवून बायकोला त्याच दिवशी घरी आणणार, असं मी अख्ख्या पौडात सांगून ठेवलं होतं. हसू नका. माझे सासरे, माले गावचे हैबतराव, यांचा नियमच तसा होता. लेकीला न्यायला आलेल्या जावयानं डाव जिंकला तर लगेच निघायचं, हरला तर मुक्काम वाढवायचा. मागच्या खेपेला मी इतका हरलो, की शेजारी मला घरजावई समजून गवत कापायला बोलवायला लागले. यंदा तर माझं भात पिकून शेतात उभं होतं.

पण यंदा मी पौडच्या कंपौंडरकडून एक जुनी मात शिकून आलो होतो. समोरच्याचा राजा कोपऱ्यात, पुढं त्याचीच प्यादी. आपला वजीर थेट राजाशेजारी ठेवून शह द्यायचा. वजिराला घोड्याचा जोर असतो, म्हणून राजा तो खाऊ शकत नाही; हत्तीलाच खावा लागतो. हत्ती तिथं आला, की राजा आपल्याच माणसांत कोंडला. मग घोड्यानं उडी मारून शह द्यायचा. संपलं.

ओसरीवर पट मांडला. बायको उंबऱ्यात बसून बघत होती. डाव अगदी हवा तसा येत गेला. मी वजीर उचलला आणि राजाशेजारी ठेवला.

हैबतराव पटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, वजीर मरतोय. मागं घ्या."

"ऱ्हाऊ द्या मामा. खावा तुमी."

"आवं, चुकून ठेवलाय तुमी."

"चुकून न्हाई. खावा की, मामा!"

त्यांचे डोळे भरून आले. आत तोंड करून ते सासूबाईंना म्हणाले, "ऐकलं का? जावईबापू आपल्या हातानं वजीर देत्यात. मुद्दाम हरत्यात. त्यास्नी हितंच ऱ्हायचं हाय."

"न्हाई मामा, माझं भात—"

"भातच टाकते," आतून सासूबाई म्हणाल्या. "आन् कोंबडा धरते."

"आसल्या जावयाला हरवायचं पाप मी करणार न्हाई," म्हणत हैबतरावांनी सगळे मोहरे पिशवीत भरले. माझा घोडा उडी मारायच्या आधीच पिशवीत गेला. संध्याकाळी भावकी मला बघायला आली. पुढचे दिवस मी घरोघर जेवत फिरलो.

शेवटी एकदाची गाडी जुंपली. गाव मागं पडल्यावर बायको, साळू, म्हणाली, "हत्तीनं वजीर खाल्ला आसता, तर घोड्यानं मात व्हती."

मी कासरा ओढला. "तुला कसं कळलं?"

"आमच्या बाबांनीच शिकवलंय. त्यांचा आवडता डाव हाय त्यो. वजीर बघितल्याबरोबर वळखला त्यांनी."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलले आसते," साळू पदर सारखा करत म्हणाली, "पर मला आजून चार दिस माहेरात ऱ्हायचं व्हतं."

मी बैलांवर ओरडलो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.