राजनंदिनीच्या बाटलीची सोडवणूक

कोणतीही संस्था सुरू करणं सोपं असतं, बंद करणं अवघड असतं. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संस्था सुरू करायला अकरा माणसं, एक नारळ आणि हार घालून घ्यायला तयार असलेली एक मान एवढं साहित्य पुरतं. बंद झालेल्या संस्थेचं उदाहरण मात्र आमच्याकडे अजून घडलेलं नाही. (एक पाणीवापर संस्था आहे. तिच्याकडे पाणी नाही, पण अध्यक्ष आहेत, त्यामुळे ती चालू समजली जाते.) लहान मुलाची दुधाची बाटली हीसुद्धा याच प्रकारची संस्था होय. ती सोय म्हणून सुरू होते, सवय म्हणून टिकते आणि पुढे ती कोणासाठी चालवली जाते हे कोणी विचारत नाही.

सणसरच्या पुढे कालव्याच्या कडेने गेलं की आमची वस्ती लागते. वस्तीचं नाव देत नाही, कारण निवडणूक जवळ आली आहे आणि चांगल्या कामाचं श्रेय घ्यायला फार लोक टपलेले आहेत. १९९६ साली या वस्तीवर राजनंदिनी नावाची पावणेतीन वर्षांची मुलगी बाटलीने दूध पीत असे. उठल्यावर बाटली, झोपताना बाटली, मध्ये वेळ मिळाला तर पुन्हा बाटली. ही बाटली तिच्या मामाने बारामतीच्या एका दुकानातून आणली होती. तिच्यावर बदकाचं चित्र होतं. (तो मुळात ससा होता असाही एक मतप्रवाह आहे. सततच्या वापराने पुरावा नष्ट झाला.) बाटली तोंडात असल्यामुळे राजनंदिनी फारशी बोलत नसे, आणि त्यामुळे सगळी वस्ती तिला समजूतदार म्हणत असे.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारील. बिघडलं ते असं, की राजनंदिनीची आई योगिनी ही वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका होती. सरकारने बाटलीच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आणली होती. त्याला अनुसरून योगिनी दर गुरुवारी आयाबायांना जमवून सांगत असे, की बाटलीने जुलाब होतात, दात किडतात, सबब बाळाला वाटी-चमच्याने पाजावं. तिच्या मागे भिंतीवर लाल फुली मारलेल्या बाटलीचं चित्र होतं. त्या चित्राखाली बसून राजनंदिनी बाटलीने दूध पीत असे. हे बघायला बायका लांबून येत, त्यामुळे कार्यक्रमाला उपस्थिती चांगली राही.

मग इंदापूरहून सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी चित्र पाहिलं, चित्राखालचं पाहिलं आणि योगिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या भेटीत ही बाटली दिसली तर तुमच्या जागी दुसरी सेविका नेमावी लागेल. दुसरी तयारच होती. सरपंचांच्या सूनबाईंनी अंगणवाडीची सगळी बडबडगीतं पाठ केली होती आणि नळावर पाणी भरताना त्या ती योगिनीला ऐकू जातील अशा बेताने म्हणत. योगिनीला नोकरी सोडायची नव्हती. त्या घरात स्वतःच्या नावाने सरकारी पत्र येणारी ती पहिली बाई होती. पोस्टमनने अंगणात उभं राहून तिचं नाव पुकारलं की तिच्या चेहऱ्याकडे बघत राहावं असं मला वाटायचं.

प्रश्न गंभीर होता. गंभीर प्रश्नावर आमच्याकडे समिती नेमतात, तशी ती नेमण्यात आली. अध्यक्षा भामाबाई, म्हणजे मुलीची आजी. उपाध्यक्ष बिरदेवआबा, म्हणजे आजोबा. सदस्य दादासो, म्हणजे मुलीचा बाप, जो दूध संकलन केंद्रावर कामाला होता. सचिव म्हणून प्रस्तुत लेखक, सर्जेराव, विकास सोसायटीचा निवृत्त सचिव आणि शेजारी. ठराव लिहायची खाज माझी निवृत्तीनंतरही गेली नव्हती. योगिनीला निमंत्रित म्हणून घेतलं, कारण चहा तीच करणार होती. समितीची बैठक रोज सकाळी होत असे. बैठकीला आतापर्यंत एकदाही गणसंख्येचा अभाव जाणवला नाही, याचं श्रेय दुधाच्या चहाला द्यावं लागेल.

पहिला उपाय आबांनी मांडला. आबांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मेंढरं राखली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कळप गेला. दोन-चार मेंढ्या तेवढ्या मन रमवायला उरल्या.

"कोकराचं दूध तोडायचं झालं तर आमी मेंढीच्या सडाला लेंड्या कालवून लावायचो," आबा म्हणाले. "एकदा तोंड लावलं की कोकरू पुन्हा फिरकत न्हाय. बाटलीच्या बोंडाला तेच लावा."

"मामा, त्याला आमच्या खात्यात अतिसार म्हनत्यात," योगिनी सासऱ्यांना म्हणाली.

तडजोड म्हणून बोंडाला कोरफडीचा गर लावायचं ठरलं. राजनंदिनीने एकदा जीभ लावली, थांबली, आजीच्या पदराने बोंड स्वच्छ पुसलं आणि दूध प्यायली. तेव्हापासून ती कोणतीही वस्तू आजीच्या पदराने पुसल्याशिवाय तोंडात घालत नसे. मुलीला स्वच्छतेची सवय लागल्याची नोंद मी घेतली आणि उपाय अंशतः यशस्वी ठरवला.

दुसरा उपाय दादासोचा. दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्यायचं, शेवटी नुसतं पाणी राहील आणि पोर आपणहून कंटाळेल. उपाय शास्त्रीय होता आणि दादासो दूध केंद्रावर असल्यामुळे या विषयाची जाण त्याला शिकवावी लागली नाही. पहिल्याच दिवशी राजनंदिनीने एक घोट घेतला आणि बाटली बापाच्या हातात परत दिली.

"पानी हाय," ती म्हणाली.

इतकं कमी पाणी केंद्रावरच्या यंत्रालाही सापडत नसे. मुलीला सकाळच्या वेळी केंद्रावर बसवावं अशी एक सूचना पुढे आली, पण संचालकांनी ती घाईघाईने फेटाळली. मग केंद्रावर दूध आणणार कोण, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

तिसरा उपाय भामाबाईंचा आणि तो मानसशास्त्रावर आधारलेला होता. एका मेंढीचं त्याच सुमारास निधन झालं होतं. मागे राहिलेल्या कोकराला आबा औषधाच्या बाटलीला बोंड लावून दूध पाजत. भामाबाई नातीला कोकराजवळ घेऊन गेल्या.

"बघ, बाटली कोकराची असती," त्या म्हणाल्या. "तू काय कोकरू हायस व्हय?"

दुसऱ्या कुठल्याही घरात हा उपाय लागू पडला असता. मूल लाजलं असतं, बाटली टाकली असती. पण समितीच्या हातून एक चूक झाली आणि ती त्या घरातच होऊ शकत होती. त्या घरात पाऊस आला की आधी कोकरू आत येतं, मग धान्य, मग माणसं. आजारी कोकराला आबा स्वतःच्या घोंगडीत घेऊन झोपतात. दादासोला ताप आला तेव्हा मात्र बाहेर ओट्यावर झोपायला सांगितलं होतं. अशा घरात कोकरू म्हणवून घेणं म्हणजे सरळ बढती. राजनंदिनीने आजीच्या प्रश्नावर नीट विचार केला आणि ती चार पायांवर उभी राहिली.

"बें," ती म्हणाली.

त्यानंतर ती चारच पायांवर वावरू लागली. कोकराशेजारी बसायची, त्याच्याबरोबर बाटली ओढायची, हाक मारली की बें करून उत्तर द्यायची. भामाबाईंना वाईट वाटलं. आबांना वाटलं नाही. ते संध्याकाळी दोघांच्याही पाठीवरून सारखाच हात फिरवत आणि म्हणत, "गुणाची हायती दोगंबी." योगिनी मात्र चुलीपुढे बसून रडली. बाटली पिणारी मुलगी ही एक अडचण होती, बाटली पिणारी मेंढी ही खात्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

आणि मग यश आलं. ते समितीच्या बैठकीत आलं नाही, ही गोष्ट सचिव म्हणून मला लागली, पण सत्य नोंदवलं पाहिजे. कोकरू सुबाभळीचा पाला खाऊ लागलं तसं आबांनी एके सकाळी त्याची बाटली बंद केली.

"झालं तुजं," त्यांनी कोकराला सांगितलं. "आता पाला खायाचा."

राजनंदिनी शेजारीच बसली होती. तिने ते सगळ्या कोकरांना दिलेले आदेश म्हणून ऐकून घेतले, आपली बाटली आबांच्या पुढ्यात ठेवली, पाला चावून पाहिला, तो थुंकला आणि दोन पायांवर उभी राहून आईला म्हणाली, "भाकर दे."

बाटली सुटली. समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत केला. बाटली धुऊन आढ्याला टांगून ठेवण्यात आली. योगिनीने त्या दिवशी चहात वेलदोडा घातला आणि मुलीला कडेवर घेऊन वस्तीभर, विशेषतः नळावरून, फिरवून आणली. तिला झालेला आनंद बघून मलाही भरून आलं. माणसं उगाच समित्यांना नावं ठेवतात.

आता एक तांत्रिक बाब. बाटली निघाल्यावर राजनंदिनीचं तोंड रिकामं झालं. तीन वर्षं ते बंद होतं, पण कान उघडे होते, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मुलगी बोलू लागली. स्पष्ट, मोठ्याने आणि पाहुण्यांसमोर. पहिल्या आठवड्यात तिने दादासोला केंद्राच्या संचालकांदेखत विचारलं, की पप्पा, आज किती पानी घातलं? भामाबाईंच्या बहिणीला तिने सांगितलं, की आजी म्हनती तुमी आला की चार दिस हालत न्हाय. समितीच्या बैठकीत ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तात्या, बाटली सुटली की. आता कशाला येतूस च्याला?" मी हा प्रश्न पुढील बैठकीवर ढकलला.

अशा वातावरणात सुपरवायझर बाई तपासणीला आल्या. समिती झाडून हजर होती. अंगणवाडीत मुलंही भरपूर होती. ऊसतोडीमुळे बरीच खरी मुलं फडावर गेली होती, म्हणून दादासोने शेजारच्या शाळेतली काही मुलं उसनी आणली होती. बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आधी राजनंदिनीकडे पाहिलं. तोंड रिकामं होतं. त्या हसल्या.

"बाटली सुटली म्हणायची," त्या म्हणाल्या. "शाब्बास. बाळ, तुझं नाव काय?"

राजनंदिनीने नाव सांगितलं. इथं थांबली असती तर ही एक आदर्श तपासणी ठरली असती.

"ह्यो दुसरीत हाय," तिने पुढच्या मुलाकडे बोट दाखवलं. "गुडघं मोडून बसलाय. उठ रं, दाव."

"किती चुणचुणीत आहे," बाई म्हणाल्या आणि वजनांची माहिती काढायला लागल्या. "वजनं वेळेवर घेता ना?"

"काटा मोडलाय," राजनंदिनी म्हणाली. "आबा पोरं उचलून सांगत्यात. ह्या बारक्याला उचलला तवा म्हनले, कातडं जाता सात किलो भरंल."

आबा दारात उभे होते, त्यांनी अंदाज बरोबर असल्याबद्दल मान डोलावली. काटा दुरुस्त करून द्या म्हणून योगिनीने अनेकदा लिहिलं होतं, ते ती आता सांगणार होती. तिचे ओठ हलले, पण मुलगी आणखी जवळ गेली आणि तिने बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी पावसाळ्यात आलाच न्हाय," ती प्रेमाने म्हणाली. "आई म्हनती बाई यस्टीत बसल्याच न्हाईत, घरीच सही केली."

बाईंनी पेनचं टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातल्या आबांकडे पाहिलं. आबांच्या डोक्यावरून, पलीकडे योगिनीच्या घराच्या पडवीत, आढ्याला टांगलेली बाटली दिसत होती.

"मुलीला भूक लागलेली दिसते," बाई म्हणाल्या. "काहीतरी द्या हो तिच्या तोंडात."

"भाकर खाल्लीय बाई तिनं आत्ताच," योगिनी म्हणाली.

"भाकरी लवकर संपते. ती बाटली आहे ना, ती द्या."

योगिनी हलली नाही. एवढ्या कष्टाने सुटलेली बाटली पुन्हा आपल्या हाताने द्यायची हे तिला जमत नव्हतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि तिथे असलेल्या माणसांत तिची बाजू खरी होती, हेही मला दिसत होतं. मी अनुमोदक म्हणून हात वर केला. भामाबाईंनी केला. दादासोने दोन्ही केले. बाटली मीच जाऊन काढून आणली आणि दुधाने भरून योगिनीच्या हातात ठेवली. तिने ती लेकीला दिली आणि तोंड फिरवलं. राजनंदिनीने बोंड आजीच्या पदराने पुसलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि प्यायला लागली.

अहवालात नोंद झाली, 'अंगणवाडीचे काम समाधानकारक. बाटली आढळली नाही.' योगिनीची नोकरी टिकली. वस्ती पुन्हा सुखाने नांदू लागली आणि राजनंदिनी पुन्हा समजूतदार झाली.

वाचकहो, एवढं वाचताना तुम्ही दोन-चारदा हसला असाल. हसा, त्यात काही वावगं नाही. फक्त एक लक्षात घ्या, की हे वाचायला घेतल्यापासून तुम्ही एक अक्षर बोललेला नाही आणि कोणाला काही विचारलेलंही नाही. घरातली माणसं समजूतदार म्हणून तुमचं कौतुक करत असतील. हे तुमच्या हातात आणून कोणी दिलं, तेवढं जरा आठवून बघा.